विजयादशमीचे खरे सीमोल्लंघन

आज विजयादशमी. शस्त्रपूजन व सीमोल्लंघन करून आपण पराक्रमाचे स्मरण करतो. परंतु पराक्रम केवळ शस्त्रातच वसतो काय? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती वर्णिताना भगवंतांनी आरंभीच 'अभय' ठेवले आणि त्याच मालिकेत दया व मार्दव हेही गुण गुंफले. निर्भयता आणि मृदुता एकाच कुळातल्या आहेत, याची साक्ष चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यभूमीने दिली आहे.

वरोऱ्याचे बाबा आमटे गोऱ्या सैनिकांना एकटे भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. तेच बाबा पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्यास पाहून भयाने पळाले. मात्र ती भीती त्यांना साहवेना. ते परतले आणि त्या मरणोन्मुख जिवाची त्यांनी शुश्रूषा केली. शत्रूवर चालून जाण्याहून हे परतणे अधिक दुष्कर होते. त्यातूनच पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९७३ साली हेच व्रत भामरागडच्या रानात हेमलकसा येथे पोहोचले. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांच्या सेवेस आयुष्य वाहिले.

गावाची वेस ओलांडणे सोपे आहे. भय आणि किळस यांची वेस ओलांडणे कठीण. आज आपट्याचे सोने वाटताना, ज्या दाराकडे आपली पावले कधी वळत नाहीत, तेथेही ते आपल्या हाताने द्यावे. विजयादशमीचे सीमोल्लंघन तेथेच सार्थ होईल.