यंत्र पुण्यात, माणूस शिक्रापुरात

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे कोणतेही यंत्र समोर आले की ते मला चालवता आलेच पाहिजे, असा घरच्यांचा पक्का समज आहे. तळेगाव ढमढेऱ्यात कुणाचा मोबाईल अडला तरी वडील अभिमानाने माझे नाव सांगतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी आहे, हे त्यांना आडवे येत नाही. याच समजापोटी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मला शिक्रापूरच्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत काम मिळाले. तेथे जे पाहिले त्यावरून माझे एक मत बनले. ते बरोबर की चूक, हे वाचकांनी ठरवावे.

त्या कचेरीचा सगळा हिशेब पुण्याच्या मुख्य कचेरीतील एका मोठ्या संगणकावर होता. शिक्रापूरला चार जुनी यंत्रे. आपण येथे अक्षर दाबावे, ते पुण्याला जावे, काम तेथे व्हावे आणि पडद्याचे चित्र तेवढे आपल्याकडे परत यावे, अशी ती रचना. ही युक्ती नवी नाही. मायक्रोसॉफ्टने 1998 मध्येच विंडोज एनटीची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती बाजारात आणली होती. तिचे फायदेही उघड आहेत. जुने यंत्र चालते, हिशेब एका जागी राहतो आणि प्रोग्राममध्ये सुधारणा करायची तर ती एकाच ठिकाणी करावी लागते.

मग अडले कोठे? माणसाला हवा होता एक हिशेबाचा प्रोग्राम, आणि त्याच्यापुढे मांडला जात होता पुण्याचा अख्खा संगणक! पडद्यात पडदा, दोन घड्याळे, दोन ‘स्टार्ट’ बटणे, दोन पासवर्ड. आमच्या कचेरीतील अण्णा साठीकडे झुकलेले. कीर्द-खतावणीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एका संध्याकाळी ते आपले यंत्र बंद करायला गेले आणि बंद केले पुण्याचे! ज्याला त्याला सगळे अधिकार देऊन ठेवलेले, त्यामुळे ते बंदही झाले. सगळ्यांचेच काम थांबले. फोनवर अण्णांना जे ऐकून घ्यावे लागले ते मी शेजारी बसून ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. म्हणाले, “बाळा, मी आपली वहीच लिहितो. वहीने मला कधी अडाणी म्हटलं नाही.”

पुढे आठवड्याने पुण्याहून एक तंत्रज्ञ आला. त्याने अण्णांच्या पडद्यावर हिशेबाचे एकच चित्र ठेवले. ते दाबले की पुण्याचा संपूर्ण पडदा न येता तेवढा प्रोग्राम उघडायचा, जणू तो याच यंत्रावर आहे. पावती शिक्रापूरच्याच प्रिंटरवर निघू लागली. यंत्र बंद करण्याचे अधिकार काढून घेतले. विचारल्यावर तो म्हणाला की ही सोय 2008 च्या विंडोज सर्व्हरपासूनच आहे. म्हणजे दोष अण्णांचा नव्हताच. सोय हाताशी असताना ती कोणी लावली नव्हती, आणि बोल मात्र खाल्ले अण्णांनी.

माझा एक मित्र म्हणतो, “सगळे सोपे करून दिले तर माणसे शिकणार कधी?” मला हे पटत नाही. एसटीने शिरूरला जाणाऱ्याला गिअर टाकता येण्याची गरज नसते. त्याला पाटी वाचता आली आणि गाडी वेळेवर आली की पुरे.

मात्र मित्राच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. एका दुपारी इंटरनेट गेले आणि अण्णांची खिडकी गोठली. आपला दिवसभराचा हिशेब बुडाला असे वाटून ते घाबरले. हिशेब पुण्यात सुखरूप होता, पण तो पुण्यात असतो हेच नव्या सोयीने त्यांच्या नजरेआड केले होते. दुरून दुसऱ्याचे यंत्र चालवता येते, हे ठाऊक नसलेल्यांना लुबाडणारेही आहेत. अशाच एका ॲपबद्दल 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेला सावधगिरीची सूचना काढावी लागली होती. म्हणून माझे म्हणणे असे, की सोपेपणाने यंत्राचा पसारा झाकावा, सत्य झाकू नये.

हा प्रश्न एका कचेरीपुरता नाही. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2,516 कोटी रुपये. या संस्था म्हणजेच आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या. त्यांच्यासाठीही सामायिक प्रोग्राम दूरच्या यंत्रावर आणि वापरणारा गावात, अशीच मांडणी आहे. माझ्या वडिलांचे पीककर्ज सोसायटीतूनच येते. तेथे सचिवाचे बोट चुकीच्या जागी पडले, तर पेरणी काही त्याच्यासाठी थांबत नाही. तेव्हा असे प्रोग्राम पोहोचवणाऱ्यांनी आधी दोन दिवस गावच्या खुर्चीत बसून पाहावे, एवढीच अपेक्षा.

आणि मित्रहो, यात आपल्यालाही काम आहे. ‘सेशन डिस्कनेक्टेड’ ही अक्षरे अण्णांच्या पडद्यावर नेहमी यायची; त्यांचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. सुटी संपताना मी एका कागदावर लिहिले : “पुण्याशी संपर्क तुटला आहे. जतन केलेला हिशेब सुरक्षित आहे. पाच मिनिटे थांबा, पुन्हा चित्र दाबा.” तो कागद पडद्याच्या कडेला चिकटवला. परवा शिक्रापूरला गेलो होतो. कागद अजून तेथेच आहे, आणि वही कपाटात परत गेली आहे.