चुना मारून खोकला जात नाही

आगोटीला पोरं आश्रमशाळेत सोडतो आणि गणपतीला घरी आणतो, तेव्हा ती खोकतच येतात. विचारलं की उत्तर तयार: "तुमची घरं कुडाची, मातीची. आजार घरूनच येतो." आमचं म्हणणं उलटं आहे.

जव्हार-मोखाड्यात शंभर इंच पाऊस पडतो. तिथे सपाट स्लॅबची इमारत बांधली, भिंतीवर वळचण नाही. पाणी स्लॅबवर साचतं, चिरेतून झिरपतं. आषाढात भिजलेली भिंत दसऱ्यापर्यंत वाळत नाही. त्याच खोलीत चाळीस पोरं निजतात, त्यांचे ओले कपडे तिथेच दोरीवर, खिडक्या पावसामुळे बंद. दोन दिवस ओल राहिली की बुरशी धरते. ते काळे ठिपके म्हणजे नुसता डाग नव्हे. त्यातून पिठापेक्षा बारीक कण हवेत उडतात. ओल्या भिंतीत जंतूही वाढतात, कुबट वास येतो तो या दोघांचा. रात्रभर हे छातीत जातं. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, खोकला हटत नाही, दम्याच्या पोराला तर श्वास पुरत नाही. डॉक्टर औषध देतात, पोर परत त्याच भिंतीला पाठ लावून निजतं.

खरूज मात्र भिंतीतून येत नाही, हे आपणही समजून घ्यावं. ती एका घोंगडीत चार पोरं निजवल्याने पसरते.

आता कुडाचं घर. कारवीला शेणमाती लिंपलेली, वळचण खाली आलेली. भिंत ओल घेते तशी सोडते. काठ्या कुजल्या तर तेवढ्याच काढून नव्या घालतो, दरसाल लिंपतो. चुलीचा धूर चांगला असं नाही, त्याने आपल्या बायांचे डोळे आणि छाती जाते, ते भांडण वेगळं. पण कारवी आणायला गेलं की १९२७ चा जंगल कायदा दाखवून गार्ड कोयता काढून घेतो. म्हणजे घर नीट करायला काठी नाही, आणि पोरं ठेवायला गळकी इमारत!

दर मे महिन्यात तिथे चुना मारतात. जुलैत ठिपके परत. आधी गळती बंद करा, सुजलेला गिलावा काढा, भिंत वाळू द्या, मग चुना. तोवर पोरं कोरड्या खोलीत निजवा. आणि ठेकेदाराचं बिल एक पावसाळा कोरडा गेल्यावरच काढा.

सोमवारी प्रकल्प कार्यालयावर जायचंय. ज्यांची पोरं तिथे आहेत त्यांनी भिंतीचा पोपडा पुडीत बांधून आणायचा. खरवडताना तोंडाला फडकं बांधा, पोरांना जवळ उभं करू नका.