जमाखर्च : ताल चुकला कोणाचा?

मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला समुद्र आणि जंजिरा आठवतो. आमचे मुरुड ते नव्हे. आमचे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे. येथे समुद्र नाही आणि उन्हाळा आला की घागरभर पाण्याचीही काळजी असते. पण गाण्याचा दुष्काळ येथे कधी पडला नाही. जानेवारीत नामविस्तार दिन, एप्रिलात जयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन. गायन पार्टीतली माणसे दिवसा रोजंदारीवर, मोंढ्यात किंवा रिक्षावर असतात आणि रात्री मंचावर.

यंदा जयंतीच्या दोन महिने आधी आमच्या भागातल्या पार्टीची तीन-चार पोरे घरी आली. "काका, आम्ही मिडी कीबोर्ड घ्यायलोत. हिशोब तेवढा तुम्ही बघा," म्हणाली. एकाच्या आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढायची तयारी केली होती. दुसऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवला. पाटीएवढा डबा, पंचवीस छोट्या पट्ट्या, शेजारी चौकोनी रबरी बटणे. आम्ही विचारले, "बाबा रे, याचा आवाज कसा आहे?" पोरगे हसले. "काका, याला आवाजच नसतो."

वाचकहो, आमचे बी.कॉम. येथेच थांबले. ज्या वाद्याला आवाज नाही ते कर्ज काढून का घ्यावे? मग आमच्या पुतण्याने, जो लातूरला तंत्रनिकेतनात शिकतो, आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले. कार्यालयात कारकून नुसती टिपणी पाठवतो, रक्कम कोषागारातून निघते. तसे हा डबा नुसती टिपणी पाठवतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. ती टिपणी वायरने लॅपटॉपमध्ये जाते आणि आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून निघतो. म्हणून त्याला कंट्रोलर म्हणतात.

या टिपणीच्या भाषेचे नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका व्यापारी मेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड वायरीने जोडून दाखवण्यात आले. एकावर वाजवले की दुसराही वाजू लागला. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे यामागचे दोन प्रमुख. त्यांना या कामासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या दिवसापासून कोणत्याही कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला विटाळ न मानता जोडता येते. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

काही ज्येष्ठ मंडळींनी नाक मुरडले. "हे परक्यांचे यंत्र भीमगीताला कशाला?" त्यांना आम्ही एवढेच सांगितले की पेटीसुद्धा युरोपातून आली. पॅरिसच्या देबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये याच पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. तेव्हा जाणकार म्हणवणाऱ्यांना पेटी नको होती, पण जलशांना आणि गायन पार्ट्यांना ती हवी होती. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत ज्यांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, त्यांनी वाद्याचे कूळ विचारले नाही. वाद्य गाण्याच्या कामाला येते की नाही, एवढेच पाहिले. तेव्हा प्रश्न परकेपणाचा नाही. प्रश्न कामाचा आहे.

त्या कामाच्या दृष्टीने पोरांनी पाहिलेल्या वस्तूंचा आम्ही हिशोब मांडला.

पहिली बाब पट्ट्यांची. अकाईची एमपीके मिनी, नोव्हेशनची लाँचकी मिनी, आर्टुरियाची मिनीलॅब हे सगळे साधारण एकाच पठडीतले डबे आहेत. पंचवीस पट्ट्या, म्हणजे दोन सप्तके. पट्ट्याही नेहमीपेक्षा अरुंद. पेटीवर बसलेला हात तीन सप्तकांत फिरतो. या डब्यावर चाल वर चढली की सप्तक बदलायचे बटण दाबावे लागते आणि भर गाण्यात ते दाबताना हमखास गफलत होते. स्वरांची भरण करायला, दोन-चार धून वाजवायला पंचवीस पट्ट्या पुरतात. गायकाच्या मागोमाग पूर्ण चाल वाजवायची असेल तर निदान सदतीस, शक्य तर एकोणपन्नास पट्ट्यांचा घ्यावा. डबा पिशवीत मावतो हे खरे, पण पार्टी टेम्पोने जाते. टेम्पोत स्टँड आणि ढोलकीही असते. चार बोटे लांबी वाढल्याने भाडे वाढत नाही.

दुसरी बाब मींडेची. आपल्या चालीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे आलेच. त्यासाठी कुठे चाक असते, कुठे छोटी दांडी, कुठे नुसती बोट फिरवायची पट्टी. दुकानात वाजवून पाहावे. ज्याचा हात ज्यावर बसेल ते घ्यावे. गायकाचा सूर आज काळी एक तर उद्या पांढरी चार असतो. तो सूर बदलण्याचे बटण सहज सापडते का, तेही पाहावे.

तिसरी बाब सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची. दुकानदार म्हणतो, "हे सगळे फुकट आहे." नोव्हेशन आणि आर्टुरियाच्या या डब्यांबरोबर एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरची लाइट आवृत्ती येते. हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये निघाले आणि मंचावर वाजवण्याचा विचार करूनच रचलेले आहे. तुकडे आधी मांडून ठेवावेत आणि गाणे चालू असताना हवा तो तुकडा सोडावा, अशी सोय त्यात आहे. अकाईच्या एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर एमपीसी बीट्स येते. त्याचा ओढा घरी बसून ठेके रचण्याकडे अधिक. मंचासाठी पहिल्या प्रकारचे बरे. पण लाइट म्हणजे हलकी आवृत्ती. त्यात ट्रॅक मोजकेच असतात. आवाजही पियानो, सिंथ आणि विलायती ड्रमचे. ढोलकी, हलगी, तुणतुणे, दिमडी त्या फुकटच्या पोतडीत सापडतीलच असे धरून चालू नये.

येथे एक सावधगिरी सांगतो. जुना कंट्रोलर कोणी स्वस्तात देत असेल तर सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाने आधीच आपल्या नावावर केलेला असू शकतो. मग हाती नुसता डबा येतो. तसेच चोरीचे सॉफ्टवेअर घेऊ नये. ते ऐन कार्यक्रमात दगा देते, आणि पंचशील म्हणून मंचावर चढणाऱ्यांना ते शोभतही नाही.

एवढा हिशोब झाल्यावर पुतण्याने एका मित्राचा कंट्रोलर आणि स्वतःचा लॅपटॉप आणून विहारात तालीम ठेवली. जे घडले ते सांगण्यासाठीच आजचा हा मजकूर.

पार्टीत ढोलकीला एक आबा आहेत. चाळीस वर्षे हात ढोलकीवर. लॅपटॉपचा आवाज त्या दिवशी वायरीशिवाय, ब्लूटूथच्या स्पीकरवर लावला होता. गाणे सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला ताल फाटला. पुन्हा सुरू केले, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा एक पोरगा बोलून गेला, "आबा, हात थकलाय वाटतं तुमचा." विहारात सगळे गप्प झाले. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी ढोलकीची दोरी सैल केली, फडके गुंडाळले आणि "उद्या लवकर कामावर जायचंय" म्हणून निघाले.

पुतण्या मात्र तेथेच बसून राहिला. त्याने एक पट्टी दाबली आणि कान लावला. बोट पडते, आवाज नंतर येतो. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त मागे राहू शकतो. कारकुनी हिशोब करून पाहा. मिनिटाला १२० मात्रांच्या चालीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. सेकंदाचा आठवा भाग उशीर झाला तर पाव मात्रा गेली. कीबोर्ड पाव मात्रा मागे, गायक त्याच्याकडे ओढला जातो, ढोलकी आपल्या जागी. जो जागेवर होता तोच चुकलेला वाटला!

पुतण्याने स्पीकर वायरीने जोडला. तरी थोडा उशीर उरला. तो लॅपटॉपच्या आतला. लॅपटॉप आवाजाचे नमुने साठवून गठ्ठ्याने बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ नमुन्यांच्या गठ्ठ्याला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, १२८ च्या गठ्ठ्याला सुमारे ३. शिवाय इतर वाटेतला वेळ वेगळा. हवेतून आवाजाला एक मीटर यायलाही सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे गठ्ठा लहान ठेवला तर तो उशीर शेजारी बसलेल्या सोबत्याइतकाच, कोणाला जाणवत नाही. पण गठ्ठा फार लहान केला आणि लॅपटॉप अशक्त असेल तर आवाज फुटतो. यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि तिचा असिओ ड्रायव्हर लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, डबा हा खर्चाचा लहान भाग आहे. दमदार लॅपटॉप, इंटरफेस आणि चांगल्या वायरी हा मोठा भाग. फोटोत फक्त डबा दिसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या पोराला घेऊन आबांच्या घरी गेलो. पोराने पायाला हात लावला आणि म्हणाला, "आबा, चूक मशीनची होती. माझी बी होती." आबा म्हणाले, "मशीनला काय कळतंय बाबा. तुला कळाया पाहिजे होतं." चहा झाला. मग पोरांनी भीतभीतच विचारले, तुमच्या ढोलकीचे बोल रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवू का? आबा थोडा वेळ गप्प राहिले. "ठेवा की. पण मला घरी बसवू नका."

वाचकहो, आमच्या मते सगळ्या हिशोबातली मोठी रक्कम हीच. रबरी बटणावर ढोलकीचा आवाज निघतो, म्हणून ढोलकीवाल्याची बिदागी वाचवता येते, असे कोणाच्याही मनात येईल. जी माणसे पेट्रोमॅक्सच्या उजेडात चटईवर बसून वाजवत आली, त्यांना बटणाच्या हिशोबात वजा करायचे असेल तर ते यंत्र आम्हाला नको. आबांचे बोल रेकॉर्ड झाले आहेत, ते पोरांच्या सरावासाठी. मंचावर आबाच बसतात आणि बिदागीचा वाटा पूर्वीइतकाच.

खरेदीचे काय झाले? बचत गटाचे कर्ज काढले नाही. पार्टीच्या जुन्या कीबोर्डच्या पाठीमागे पुतण्याला यूएसबीचे तोंड सापडले. पाठीमागे असे तोंड किंवा मिडी आऊट असेल तर पुष्कळदा जुना कीबोर्डच कंट्रोलर होतो. एकसष्ट पट्ट्या घरातच होत्या! सगळ्यांनी मिळून जमवलेल्या पैशांतून फक्त इंटरफेस आणि वायरी घेतल्या. लॅपटॉप पुतण्याचा.

ज्या पार्ट्या घेण्याच्या विचारात आहेत त्यांना थोडक्यात सांगतो. आधी घरातला कीबोर्ड उलटा करून पाहा. घ्यायचाच असेल तर आपली ढोलकी आणि आपला गायक सोबत नेऊन, वायरीवर वाजवून घ्या. सॉफ्टवेअरची नोंदणी घरी इंटरनेट असताना उरका. मंचावर लॅपटॉपचे इंटरनेट आणि अपडेट बंद ठेवा. जनरेटरवर चार्जरची घरघर स्पीकरमध्ये येते, म्हणून बॅटरी पूर्ण भरून न्या आणि चार्जर काढून वाजवून पाहा. पेटी मात्र टेम्पोत असू द्या. तिला वीज लागत नाही.

आणि ताल चुकला तर आधी वायर तपासा, माणूस नंतर. जयभीम.