शब्दविचार : पिणें

‘अमुक गृहस्थ पितात’ एवढेंच कोणीं म्हटलें, तर काय पितात हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. कर्म गाळलें कीं मराठींत ‘पिणें’ म्हणजे मद्यपान. लॅटिन भाषेंतही असाच प्रकार आढळतो. तेथें ‘बिबेरे’ हें पिण्याचें सर्वसामान्य क्रियापद; त्याचें ‘बिबित्’ हें रूप संस्कृत ‘पिबति’चें सख्खें भावंड होय. दुसरें ‘पोतारे’, त्यांत भरपूर, पुष्कळदां मद्यच, पिण्याचा भाव असतो. त्याच कुळांतील ‘पोतिओ’ म्हणजे पेय. यापासूनच फ्रेंचमार्गें इंग्रजींतील विषवाचक ‘पॉयझन’ शब्द निघाला.

खरी मौज ‘पोतुस’ या कृदंताची आहे. जें प्यालें गेलें त्यालाही तें लागतें, आणि जो प्याला त्यालाही. ‘प्यालेलें पाणी’ व ‘प्यालेला मनुष्य’ हे आपले प्रयोग वाचकांनीं त्याशीं ताडून पाहावे. संस्कृत ‘पीत’ शब्दाचेंही तसेंच. पाणी प्यालेल्या गाईंना ‘पीत’ कसें म्हणावें, याचा विचार पतंजलीच्या महाभाष्यांत आहे.

परंतु या क्रियापदाचा कर्ता कोणीं व्हावें, हा प्रश्न आमच्या कोंकणांत केवळ व्याकरणाचा नव्हता. पोलादपूर तालुक्यांतील कुडपणच्या कड्यांवरून पावसाळ्यांत कोसळणारें पाणी कोणाची जात विचारीत नाहीं. खालीं महाडास मात्र ती विचारली गेली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत संमत झाला; महाड नगरपालिकेनेंही १९२४ सालीं तसें ठरविलें. तरी पाणी कागदावरच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी प्राशन केलें, तेव्हां सवर्णांनीं पंचगव्यानें व मंत्रोच्चारानें तळें ‘शुद्ध’ करून घेतलें! खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें उच्च न्यायालयांत लागावयास १९३७ साल उजाडलें.

लॅटिन ‘पोकुलुम’ आणि आपलें ‘पात्र’ हीं दोन्ही याच पिण्याच्या धातूचीं अपत्यें. आपण मात्र ‘पात्र’ शब्दास ‘योग्य’ असाही अर्थ दिला आहे. घरकामास येणाऱ्या बाईंसाठीं ज्या स्वयंपाकघरांत अद्यापि निराळा पेला ठेवलेला असेल, तेथें या दोन अर्थांची गल्लत झाली आहे, असें आम्ही समजतों. ती कोशांतून दुरुस्त व्हावयाची नाहीं. फळीवरचा तो पेला इतर पेल्यांत मिसळला म्हणजे पुरे.