नाव त्याचं, पैसा आपला?

मागच्या महिन्यात मुलुंडच्या आमच्या पत्त्यावर नातवाच्या नावाने बँकेचं पत्र आलं. आत एक फॉर्म. तुम्ही भारताबाहेर कुठल्या देशाचे कर-निवासी आहात का, हो की नाही? मी फोनवर त्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "अरे, 'नाही'वर खूण करून पाठवून देऊया. विषय संपला."

तो म्हणाला, "आजी, ते खोटं होईल."

आयुष्यभर मुलांना 'खरे बोलावे' गिरवायला लावणाऱ्या बाईला नातवाने हे ऐकवावं! दोन दिवस मी त्याच्यावर घुश्श्यात होते. मग त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं, आणि आता मला माझ्याच पिढीशी भांडायचं आहे.

आधी हिशोब सांगते. पोरगं २०१८ च्या ऑगस्टमध्ये एफ-१ व्हिसावर शिकायला गेलं. अमेरिकेचा कायदा अशा विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजतच नाही. तो तिथे राहत असला तरी करापुरता 'अनिवासी'. त्याने १०४०-एनआर हा फॉर्म भरायचा, सोबत ८८४३ जोडायचा आणि फक्त अमेरिकेतल्या मिळकतीवर कर द्यायचा. भारत-अमेरिका करार १९८९ चा. त्याच्या २१ व्या कलमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावटही मिळते, जी बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ ला त्याचा एच-१बी सुरू झाला. त्या दिवसापासून दिवस मोजायला लागले. ऑक्टोबर ते डिसेंबर दिवस होतात ९२, आणि निवासी ठरायला भारित मोजणीने १८३ लागतात. म्हणून २०२१ पुरता तो अनिवासीच राहिला. २०२२ मध्ये मात्र पूर्ण निवासी झाला, आणि तिथून जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न अमेरिकेला सांगणं आलं. आपल्या मुलुंडच्या एफडीचं व्याजसुद्धा.

आता आपण काय करतो बघा. एच-१बी लागला की सोसायटीत पेढे वाटतो. पगार डॉलरमध्ये किती, हे चौथ्या मजल्यापर्यंत कळवतो. पण त्याच्या नावावर इथे काय काय आहे, हे खुद्द त्याला सांगत नाही! आजोबांनी ठेवलेली एफडी, मुंजीत आलेल्या पैशांचं खातं, पीपीएफ, कुणाच्या तरी सल्ल्याने घेतलेला म्युच्युअल फंड, आणि आपल्या पेन्शनच्या खात्यावर दुसरं नाव त्याचं. सगळं कपाटात, वरच्या खणात. "त्याला कशाला डोक्याला ताप?"

ताप असा की परदेशातल्या त्याच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याला एफबार नावाचं वेगळं विवरण द्यावं लागतं. १०,००० डॉलर म्हणजे काही लाख रुपये. संयुक्त खातंही त्यात धरतात. न दिल्यास मोठा दंड. आणि इथली बँक गप्प बसणार आहे थोडीच? ९ जुलै २०१५ ला दोन देशांत फाटकाचा करार झाला. म्हणून तर तो फॉर्म माझ्या दारात आला.

नातेवाइकांची उत्तरं मला पाठ झाली आहेत. पहिलं, "सगळे असंच करतात." परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणारा मुलगा हेच सांगायचा. शेजाऱ्याची प्रश्नपत्रिकाच वेगळी असते हो! त्याचा मित्र २०१६ ला गेला असेल तर त्याची पाच वर्षं आधीच संपली. त्याचा फॉर्म वेगळा.

दुसरं, "इथलं व्याज करमुक्त आहे." इथे असेल. एनआरई ठेवीचं किंवा पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, म्हणून तिथेही करमुक्त असं नाही.

तिसऱ्या उत्तरात जरा दम आहे. "आमच्या घामाचा पैसा, अमेरिकेला हिशोब का द्यायचा?" अगदी बरोबर. पण मग पैसा तुमचा असेल तर तुमच्या नावावर ठेवा ना! त्याचं नाव नॉमिनी म्हणून लिहा. नॉमिनी म्हणजे खातेदार नव्हे. इथला टीडीएस वाचवायला त्याचं नाव पुढे करायचं आणि तिथे विचारलं की पैसा आमचा म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. आणि त्याच्या नावावर इथे कापलेला कर बहुतेक वेळा तिथल्या करातून वजा मिळतो. मग भीती कराची नाही, सांगण्याची आहे.

आमच्याकडे २०२२ पासूनची व्याजं राहून गेली होती, कारण त्याला एफडी माहीतच नव्हती. दोष त्याचा नाही, माझा. अजाणता राहिलेलं आपणहून सांगायची तिथे सोय आहे. मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करायची, सहा वर्षांपर्यंतचे एफबार भरायचे आणि तिथे राहणाऱ्याने त्या रकमेवर पाच टक्के दंड द्यायचा. तो ते करतो आहे. दंड मी भरणार म्हटलं, तर नको म्हणाला.

ज्यांची मुलं यंदा विद्यार्थ्याची नोकरदार झाली, त्यांना एवढंच सांगणं. आज कपाट उघडा. बँक, खाते क्रमांक, रक्कम, व्याज अशी यादी करा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. तेव्हा व्याज महिन्यावार लिहा. त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्या. आणि ही यादी त्याला १५ एप्रिलच्या आधी पाठवा.

मुलांवर विश्वास आहे म्हणून आपण त्यांच्या नावावर पैसे ठेवतो. मग त्यांना सांगायला काय हरकत आहे?

फॉर्मवर 'हो'वर खूण करून त्याने सही केली आहे. उद्या बँकेत नेऊन देते.