बंद गाडी, दोरी आणि भीड

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांच्या गराजमध्ये एक जुनी, न चालणारी गाडी येऊन बसली आहे. कुणी मुलाबरोबर इंजिन उघडायचे म्हणून घेतली, कुणी मुलीच्या हट्टासाठी, तर कुणी स्वतःचीच राहून गेलेली हौस म्हणून. छंद चांगला आहे. सोळा वर्षांचा मुलगा शनिवारी सकाळी वडिलांशी तीन तास बोलतो, मग ते कार्बुरेटरबद्दल का असेना, याहून जास्त काय हवे? माझी तक्रार गाडीबद्दल नाही. ती घरी कशी आणली जाते, याबद्दल आहे.

पेनसिल्व्हेनियात हर्शी येथे ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा १९५५ पासून भरत आला आहे. तिथे, नाहीतर एखाद्या शेतावरच्या कोठारात, गाडी पसंत पडते आणि पैसे देऊन होतात. मग लक्षात येते की घर सव्वाशे मैल लांब आहे आणि गाडीचे ब्रेक लागत नाहीत. अशा वेळी आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते : "अमक्याकडे पिकअप आहे, त्याला फोन करू. दोरी बांधून हळूहळू आणू."

ही सवय आपण तिकडून आणली आहे. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी धक्का मारून चालू करणे आणि बंद पडली तर दोरीने गॅरेजपर्यंत नेणे, हे आमच्या वडिलांच्या पिढीने सर्रास केले. पण भारतातल्या १९८९ च्या रस्ता-नियमांतसुद्धा अशा ओढण्याला मर्यादा होती : दोन गाड्यांत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर आणि वेग ताशी २४ किलोमीटर. इथल्या हायवेवर ६५ मैलांनी, म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने वाहतूक चालते. वेग सव्वाचार पटींहून थोडा जास्त, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे १९ पट. शिवाय इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत संपते, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली नसेल तर स्टिअरिंग मध्येच लॉक होण्याची भीती वेगळीच. "हळूहळू आणू" म्हणावे, तर हायवेवर हळू जाणारी गाडी हाच मागून येणाऱ्याला धोका.

"मग ट्रेलर भाड्याने घेऊ," असे कुणी म्हणेल. विचार योग्य आहे, पण गणित आधी करावे. साधी सेडान ३,००० पौंडांच्या आगेमागे असते. गाडी वाहून नेणारा ट्रेलर रिकामाच २,००० पौंडांच्या घरात. झाले ५,०००. आपल्या घरोघरी असलेल्या मिनीव्हॅनची ओढण्याची क्षमता साधारण ३,५०० पौंड. हुक बसवता आला म्हणजे गाडी ओढता येते, असा अर्थ होत नाही. क्षमतेचा आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो, तो वाचावा.

ज्यांच्याकडे योग्य गाडी आहे त्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, म्हणजे हुकावर आला पाहिजे. गाडी मागे सरकवून बांधली तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच फिरवतो. व्यावसायिक वाहतुकीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पुढून आणि मागून अशी दोन्हीकडे बांधावी लागते, त्यासाठी किमान दोन बंध लागतात, आणि सर्व बंधांची मिळून सुरक्षित भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी असावी लागते. तुम्ही व्यावसायिक नसाल, पण भौतिकशास्त्र तेच आहे. पट्ट्यावर दोन आकडे असतात. त्यातला मोठा म्हणजे तुटण्याचा, तो धरायचा नाही. सुरक्षित भार त्याच्या साधारण एक-तृतीयांश असतो. पहिल्या काही मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. ट्रेलरवरच्या गाडीत कुणीही बसू नये, आणि गाडी वर चढवताना तिच्या मागे कुणी उभे राहू नये.

आता थोडे माझ्या विषयाचे, म्हणजे रसायनाचे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. गळकी टाकी घेऊन बंद ट्रेलरमध्ये किंवा गराजमध्ये गाडी ठेवू नका. बॅटरी काढून उभी ठेवा आणि तिची टोके झाका. बॅटरीचे ॲसिड नायलॉनच्या पट्ट्यावर सांडले तर धागे कमकुवत होतात, आणि ते वरून नेहमी दिसतेच असे नाही. असा पट्टा फेकून द्यावा. रेडिएटरमधले अँटिफ्रीझ गोड लागते आणि विषारी असते. ड्राइव्हवेवर ते सांडलेले असताना लहान मुले आणि कुत्री आसपास नकोत.

पण हे सगळे पुस्तकात मिळते. मला खरे बोलायचे आहे ते भिडेबद्दल. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. पिकअपवाल्या मित्राला ठाऊक असते की हे धोक्याचे आहे, पण दिवाळीला एकमेकांच्या घरी जेवणारी माणसे, नाही कसे म्हणायचे? आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर कुणाला बसवतात? बहुधा सर्वांत लहान असेल त्याला, नुकत्याच आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला. तो "नाही काका" म्हणू शकत नाही. आपण त्याला चार रविवार जेवू घातलेले असते. ब्रेक नसलेल्या, नोंदणी नसलेल्या गाडीत तो बसलेला असताना काही झाले, तर दुखापत त्याची आणि पोलिसांचे तिकीटही त्याच्याच नावावर. इतक्या लांब मुलाला पाठवून बसलेल्या आईवडिलांना मग आपण काय सांगणार?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. न चालणारी गाडी चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकने आणावी, हाच रिवाज व्हावा. शंभर-सव्वाशे मैलांना काही शे डॉलर लागतील. ते गाडीच्या किमतीतच धरावेत. तेवढी ऐपत नसेल तर गाडी घेण्याची वेळ अजून आलेली नाही. ट्रकवाल्याला आधीच सांगावे की गाडी स्वतः चालत नाही, चाके फिरतात की नाही, टायरमध्ये हवा आहे की नाही. विक्रीचे कागद जवळ ठेवावेत, आणि वाटेत गाडीचे नुकसान झाले तर भरपाई कोण देणार हे लेखी विचारावे.

मंडळानेही एक करावे. "गाडी ओढायला माणसे हवीत" असा निरोप आपल्या फोनयादीवरून फिरवू नये. त्याऐवजी ज्यांनी फ्लॅटबेडवाले बोलावले आहेत त्यांनी आपला अनुभव मंडळाला कळवावा, म्हणजे पुढच्याला विचारायला जागा होईल. आणि ज्याला मदतीचा फोन येतो त्याने निःसंकोच नाही म्हणावे. गाडी दोन आठवडे उशिरा आली तर काही बिघडत नाही. तशीही ती वर्षानुवर्षे उभीच होती.