खिळे जुळवणारा आणि कान असणारा

शाळेत शिकवण्याचं कोणतं साधन आणायचं, हे ठरवताना पालघर-बोईसर पट्ट्यात बहुधा विक्रेत्याचं ऐकलं जातं, फार तर संगणक शिकवणाऱ्या सरांचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारावं, असं माझं म्हणणं आहे. आणि माझे साक्षीदार आहेत १८६० साली वाळकेश्वरात जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे. शिक्षणाने वकील, हाताने सतारिये. उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा छापायच्या तर छापखान्यातल्या खिळ्यांनी गाणं लिहायचं कसं? त्यांनी तोड काढली ती साध्या छापखान्यालाही झेपेल अशी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. एका मात्रेत दोन-चार स्वर कोंबायचे तर खाली चंद्रकोर. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग याच लिपीत आहेत. १९२६ साली त्यांच्याच पुढाकाराने लखनौला संगीताचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं. शैक्षणिक तंत्रज्ञान हे नाव तेव्हा नव्हतं, काम मात्र तेच.

गुरुमुखी विद्या कागदावर उतरत नाही, हा आक्षेप निम्मा खरा आहे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, चिन्हाने कळते, ऐकू येत नाही. आपल्याकडचा तारपाच घ्या: सुका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. सूर बदलला की भोवती फेर धरून नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. याचे स्वर लिहिता येतील, श्वास नाही. तिथे व्हिडिओच हवा. पण कॅमेरा असतो नाचणाऱ्यांवर! तो गालांवर न्यायला हवा, हे वाजवणाऱ्यालाच सुचणार. आक्षेप चुकतो तो इथे: दोष साधनाचा नसतो, ते कोण निवडतो याचा असतो.

वादकाला यंत्रातलं काय कळतं, असंही कुणी म्हणेल. भातखंडेही छपाईतले नव्हते. खिळे जुळवायला कंपोझिटर होते. शिकणारा कुठे अडतो, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीच जाण आजही लागते. बोईसरच्या वर्गात, औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या हिंदी भाषकांच्या मुलांच्या तोंडी ‘बाळ’चा ‘बाल’ होतो. वर्गातला डिजिटल पडदा ‘बाळ’ दहादा म्हणून दाखवील. जीभ मागे वळून टाळूला कुठे लागते, हे मात्र त्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.